एक दाता चुकला

मुलीचा फोन लागत नव्हता, म्हणून सलाउद्दीन हातातलं काम टाकून सारखा रस्त्यावर येऊन उभा राहत होता. त्याची अर्शिया वर डोंगरात, मोलगीला दवाखान्यात नर्स होती. सुट्टी मिळाली म्हणून सकाळीच जीपमध्ये बसून ती खापरला घरी यायला निघाली, आणि दुपारी स्टँडवर बातमी आली, घाटात दरड कोसळली. कोणी म्हणे एक जीप दरीत गेली, कोणी म्हणे नुसती अडकली. त्याने जीपवाल्यांना हात जोडले, पण वर जायला एकही तयार होईना.

त्याच्या गॅरेजात प्रकाशा गावच्या मगन पाटलांची फियाट पुढून उघडी पडली होती. वडिलांच्या वेळची गाडी. तिची टायमिंग चेन झिजून इतकी सैल झाली होती की इंजिन चालू झालं की आतून खडखड उठायची. नवी चेन मगनभाऊ सोबतच घेऊन आले होते.

त्याची घालमेल बघून मगनभाऊ उठले. "सलाउद्दीनभाई, गाडी जोडी दे. आपण हाईच लिसन जाऊत. मी चालावस."

पाटील स्वतः घाटात गाडी न्यायला तयार होते; सलाउद्दीनला तेवढंच हवं होतं. त्याने झिजलेली चेन बाजूला फेकली, नवी दोन्ही चक्रांवर चढवली, झाकण बसवलं, पुली आवळली, रेडिएटर जागेवर ठेवला. कानात मात्र दरडच कोसळत होती. मगनभाऊंनी सेल मारला. गाडी खोकली, कार्बोरेटरमधून धाडकन आवाज आला आणि सगळं गप्प.

त्याला बघायचीही गरज नव्हती. चेन चक्राच्या एका दात्याने पुढे बसली होती. म्हणजे सगळं पुन्हा उघडायचं. त्याने पाना भिंतीवर भिरकावला. तेवढ्यात बायकोचा, सालेहाचा फोन.

"कुछ पता चला?"

"निकल रहा हूँ," तो म्हणाला, आणि पाना उचलून आणला.

या खेपेला त्याने फोन मगनभाऊंच्या खिशात टाकला. वरच्या चक्रावरचा ठिपका खालच्या ठिपक्यासमोर आणला. आपल्या डोळ्यांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. "भाऊ, तुम्हीबी दखा."

मगनभाऊ वाकले. "दोन्ही ठिपका समोरासमोर शेतस."

गाडी पहिल्याच सेलला लागली. खडखड नव्हती. कधी नव्हे ते इंजिनाकडे कान न लावता, हात न धुता सलाउद्दीन आत बसला.

घाटात पाऊस नुसता कोसळत होता. प्रत्येक वळणावर सलाउद्दीनचा पाय आपोआप खालच्या फळीवर दाबला जायचा, जणू ब्रेक त्याच्याच बाजूला होता. दरीकडे बघायचं नाही असं ठरवून तो दरीकडेच बघत होता. शेवटी चिखलाचा ढिगारा आडवा आला. त्यावरून माणसं गाठोडी घेऊन अलीकडे उतरत होती. ती माणसं सांगत होती, जीप कुठलीच दरीत गेली नव्हती. पलीकडे अडकल्या होत्या, एवढंच.

त्या माणसांत अर्शिया दिसली. चपला नाहीत, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून चाललेली दिवस भरलेली बाई. मागून त्या बाईची सासू.

सलाउद्दीन धावला. किती बोलायचं होतं त्याला!

"अब्बा, पीछे का दरवाजा खोलो," अर्शिया म्हणाली. "रूपलीबाईला कळा सुरू झाल्यात. अक्कलकुव्याच्या दवाखान्यात. लवकर."

त्याने दार उघडलं. मगनभाऊंनी गाडी वळवली आणि घाट उतरायला लागले. रूपलीबाई कण्हायची आणि अर्शिया तिच्या आदिवासी बोलीत हळू काहीतरी सांगायची. ही भाषा पोरगी कधी शिकली, ते बापाला माहीत नव्हतं.

दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात रूपलीबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सलाउद्दीनने सालेहाला फोन करून सांगितलं, "मिल गयी." अर्शिया बाकड्यावर, चिखलाच्या पायांनी तशीच झोपी गेली होती.

तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला. या टोकाला, त्या टोकाला, मध्येच थांबून तिच्याकडे बघायचा.

"आते काय व्हयनं?" मगनभाऊंनी विचारलं.

"काही नही, भाऊ. पाय थांबी नही ऱ्हायनात."