अख्खा घेर

उशांचे अभ्रे! नातीच्या स्कर्टसाठी आणलेल्या कापडातून मास्तरांनी उशांचे दोन अभ्रे काढले होते. ते टेबलावर एकावर एक रचून, काही मोठा पराक्रम केल्याच्या थाटात ते बहिणीची वाट बघत बसले होते.

"बघ," आत्या दुकानात शिरल्या शिरल्या ते म्हणाले, "स्कर्ट निघून वर हे दोन. आणि ही पट्टी उरलीय, हिचंही काहीतरी होईल."

आत्या काजं करून आणलेल्या सदऱ्यांचं गाठोडं हातात धरून तशीच उभी राहिली. लिंबासारखं पिवळं, पांढऱ्या ठिपक्यांचं कापड. आदल्या दिवशी नातीला बरोबर नेऊन, दुकानदाराला दहा गठ्ठे उलगडायला लावून तिनं ते आणलं होतं. मुद्दाम भरपूर आणलं होतं. कशाला आणलं होतं, तर गिरकी घेतली की गोल उघडेल असा स्कर्ट पोरीला हवा होता म्हणून. आणि इथं बघावं तर टेबलावर स्कर्टचे सहा उभे तुकडे, सहा अरुंद कळ्या पडलेल्या!

"दादा, ते कापड मी आणलं होतं."

"मग मी काय शेजाऱ्याचं कापलं?"

"घेर कुठाय यात?"

"सहा कळ्या आहेत. सहा कळ्यांत घेर नाही तर काय आहे? तू शिव. कापायचं मला शिकवू नकोस."

झालं. संपलं बोलणं. आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. लग्न जमलं नाही की तिनं केलं नाही, यावर आता घरात कोणी बोलत नसे. पुढं दुकान, मागं घर. मास्तरांनी कापायचं, तिनं शिवायचं, ही वाटणी वडिलांच्या वेळेपासूनची. मोठ्या कात्रीला तिनं हात लावायचा नाही हेही तेव्हापासूनचंच. का, असं विचारलं तर उत्तर एकच: शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर काय करणार? बरोबर आहे ना! पण चुकणार तीच, हे कोणी ठरवलं?

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. उलट त्यांचं नाव होतं. गिऱ्हाईकानं आणलेल्या कापडातला उरलेला तुकडा घडी घालून परत देणारा शिंपी कोणी पाहिलाय? मास्तर द्यायचे. कापड अंथरलं की आधी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारायचे, बाहीचा भाग इकडं फिरव, कॉलर तिकडं सरकव, आणि बघता बघता बोटभर कापडही वाया न घालवता सदरा काढायचे. लोक कौतुक करायचे. करणारच! लोकांना काय जातंय, त्यांना तुकडा परत मिळायचा. घरच्यांना मात्र फक्त तुकडेच मिळायचे. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे आत्याच्या वहिनीच्या, झग्याला पुढून एक कापड, मागून दुसरं. आत्याच्या बाह्या तर अंगाशी कधी जुळल्याच नाहीत. लहानपणी तिनं एकदा तोंड वेंगाडलं, तेव्हा दादानं समजूत घातली होती की पाठीकडं कोण बघतंय? चाळीस-पन्नास वर्षं तिनं हे खरं मानलं. इतरांची पाठ तिला व्यवस्थित दिसायची, तरीही.

तर तिनं त्या कळ्या शिवल्या. मनातल्या मनात धुसफुसत, पण शिवल्या. हाताला सवयच ती. समोर कापलेलं आलं की शिवायचं.

आता ज्या पोरीसाठी हे सगळं चाललं होतं तिच्याबद्दल. मास्तरांच्या मुलाची मुलगी, वय सहा, आणि घरातलं नाव भिंगरी. आईबाप दिवसभर कामावर, त्यामुळं पोर आजी, आजोबा आणि आत्या यांच्यात वाढत होती. तिचं नाव भिंगरी का, ते कोणालाही दोन मिनिटांत कळायचं. पाणी प्यायला जायचं तर गिरकी घेत, चप्पल शोधायची तर गिरकी घेत. "अगं, तुला बघून मला गरगरतं," असं वहिनी रोज ओरडायची आणि रोज हसायची. एक क्षण सरळ उभी राहील तर शपथ.

स्कर्ट घातला आणि ती दुकानाच्या मधोमध आली. दोन्ही हात पसरले, डोळे मिटले आणि फिरली.

काही नाही. स्कर्ट पायांना चिकटून राहिला.

ती थांबली, खाली बघितलं, परत फिरली. आणखी जोरात. स्कर्टची कड जराशी हलली आणि गुडघ्यांना गुंडाळली गेली. पोर पुन्हा पुन्हा फिरत राहिली, तोंड लालबुंद, आणि शेवटी भोवळ येऊन फरशीवर बसली.

"छान बसलाय की कमरेत," मास्तर म्हणाले. "एक सुरकुती नाही."

भिंगरी आजोबांकडं बघून शहाण्यासारखी म्हणाली, "हो आजोबा. छान आहे." आणि मग आत्याच्या कानाशी येऊन, "आत्या, मला नीट फिरताच येत नाही का गं?"

अशी तिडीक गेली आत्याच्या डोक्यात! पण तेव्हाही ती नुसतं "येतं गं, उद्या बघू," असं काहीतरी पुटपुटली. ज्या तोंडानं गिऱ्हाइकांशी दिवसभर भांडायची, त्याच तोंडाला भावापुढं कुलूप.

दुसऱ्या दिवशी भिंगरी स्वयंपाकघरातून दुकानात सरळ चालत आली. सरळ! दप्तर ठेवलं, चप्पल जागेवर ठेवली, स्टुलावर बसली. पाणी प्यायला गेली तीही चालत. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. वहिनीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

"फिरत नाहीस गं आज?" आत्यानं विचारलं.

"मला येत नाही ते," भिंगरी म्हणाली. रडून नाही, रुसून नाही. आपल्याला अमुक भाजी आवडत नाही, असं सांगावं तशी.

तेव्हा मात्र आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांची पोर! चांगली गरगर फिरणारी पोर! कापड चोरलं म्हाताऱ्यानं आणि चूक पोरीनं स्वतःच्या अंगावर घेतली! आणि ते अभ्रे आत पलंगावर उशांना घालून झालेसुद्धा होते. पिवळे, ठिपक्यांचे, डोक्याखाली दाबलेले.

मास्तर बाहेर गेले होते, कात्रीला धार लावून आणायची म्हणून. लहान कात्री नेली होती. मोठी टेबलावरच होती.

"वहिनी," आत्यानं हाक मारली. आवाज इतका चढला होता की वहिनी हातातलं भांडं घेऊनच धावत आली. "घरात अख्खं कापड कुठलं आहे? अख्खं म्हणतेय मी. तुकडे नकोत मला. न कापलेलं, न जोडलेलं काही आहे का या घरात?"

वहिनीनं तिच्याकडं पाहिलं. स्टुलावर सरळ बसलेल्या नातीकडं पाहिलं. मग भांडं खाली ठेवून आत गेली आणि कपाटाच्या तळातून एक चादर घेऊन आली. डबल बेडची, निळी, मोठाल्या पांढऱ्या फुलांची, अजून प्लास्टिकच्या पिशवीतली. पाहुण्यांसाठी ठेवलेली.

"वन्सं, ही घ्या."

"अगं, पाहुणे आले म्हणजे?"

"कोण मेलं येतंय? आणि आले तर झोपतील तुमच्या दादांच्या त्या पिवळ्या उशांवर!" एवढं बोलून वहिनी स्वतःच घाबरली आणि पदर सावरल्यासारखा खांद्यावरचा टॉवेल सावरून बसली. पण गेली नाही. बघायला थांबली.

आत्यानं चादर चार पदरी घातली. घडीचा कोपरा म्हणजे मध्य. दोऱ्याला खडू बांधला, दोऱ्याचं टोक कोपऱ्यावर अंगठ्यानं दाबून धरलं आणि कोपऱ्याजवळ एक लहान वाक आखला, लांब एक मोठा. लहान वाक कमरेचा, मोठा कडेचा. बस. आणि मग मोठी कात्री उचलली. जड होती, पण चालली. चार पदरांतून कचाकच चालली. ती भराभर कापत गेली. भीती नव्हती, संताप होता तो निव्वळ. कमरेचा वाक जरा मोठाच कापला गेला, ते तिला कळलं. आधी कधी कापू दिलं असतं तर नसता चुकला! तिनं भोकाच्या कडेनं इलॅस्टिक घालायचं ठरवलं. चुण्या पडतील, पडू देत. चुण्या म्हणजे आणखी घेर.

मास्तर परत आले तेव्हा ती कड दुमडून टीप मारत होती. ती कड संपता संपत नव्हती. एवढा घेर त्या मशीनखालून कधी गेलाच नव्हता, बॉबिन मध्येच रिकामं झालं.

मास्तरांनी टेबल बघितलं, कात्री बघितली, आणि खाली पडलेले चादरीचे चार मोठे कोपरे बघितले.

"पाहुण्यांची चादर?"

"हो."

"गोल कापलीस? सरळ गोल? अगं, चार कोपरे वाया! कोणी कापड असं कापतं का? आणि हे भोक बघ केवढं! यातून तर मी आत जाईन!"

"मग जा," आत्या म्हणाली आणि टीप मारत राहिली.

वहिनीला हसू फुटलं. तिनं तोंडाला टॉवेल लावला.

शेवटची टीप मारून आत्यानं दोरा दातानं तोडला, इलॅस्टिक ओवलं आणि स्कर्ट भिंगरीला घातला. पोर अंग चोरून उभी राहिली. "मला नाही येत, आत्या," ती हळूच म्हणाली.

"मला माहितीये तुला येतं. फिर."

ती अर्धवट वळली, नुसती बघायला. आणि स्कर्ट उठला. तेवढ्याशानं उठला! भिंगरीनं दचकून खाली पाहिलं, मग हात पसरले आणि फिरली. निळं कापड तिच्याभोवती कमरेएवढं वर आलं, सपाट, गोल, सगळी पांढरी फुलं एकत्र धावायला लागली. मास्तरांना मागं सरकावं लागलं. सदऱ्यांचा ढीग कलंडला. "मला येतं! मला येतं!" पोर किंचाळत होती, आणि वहिनी टाळ्या वाजवत होती, आणि आता हसत नव्हती, डोळे पुसत होती.

मास्तर मात्र खाली वाकले होते. चादरीचे कोपरे उचलून, मांडीवर घेऊन, हातानं सारखे करत होते. सवय!

"ठेव ते," आत्या म्हणाली.

"अगं, एवढं चांगलं कापड..."

"ठेव म्हणते ना! जाऊ दे वाया. या घरात आमच्यासाठी एकदा तरी काहीतरी वाया जाऊ दे!"

मास्तरांच्या हातातले तुकडे तसेच राहिले. त्यांनी बहिणीकडं पाहिलं. तिच्या झग्याकडं पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट, एका रंगाचं अंग आणि दुसऱ्या रंगाच्या बाह्या.

"तुला हवं होतं असं काही," ते म्हणाले, "तर तू कधी मागितलं नाहीस."

"हिनं मागितलं होतं ना, दादा. हिला काय दिलंस?"

मास्तरांनी कोपरे खाली ठेवले आणि गळ्यातला टेप काढून हातात धरला, मग परत गळ्यात घातला.

आत्याला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की बरं वाटेल. कसलं बरं! उलट राग जास्तच चढला. समोर चादरीच्या कडेची चिंधी पडली होती, दोरा बांधलेला खडू पडला होता. चार पदर घालायचे, दोन वाक आखायचे आणि कात्री चालवायची. एवढंच? एवढंच होतं ते? आणि एवढ्यासाठी ती सगळा जन्म स्वतःला विचारत राहिली, की मला जमेल का?