गरजेचा रकाना

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. निवृत्त हवालदार बापूजी मारबतेचा जावई डॉक्टर नव्हता, कुरखेड्याला शाळेत मास्तर होता. पण माजी सैनिकांच्या दवाखान्यात कागद घ्यायच्या खिडकीमागे दिनेश बसायचा, आणि दिनेश बापूजीच्याच पलटणीतला. म्हणजे म्हण काही खोटी ठरली नाही, नुसता माणूस बदलला.

"तक्रार काय लिवू, भाऊ?" पहिल्या दिवशी दिनेशनं विचारलं होतं.

"कंबर," बापूजी म्हणाला.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, त्यातली ही गत. डॉक्टरांनी कंबर तपासली, गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. चिमूरजवळच्या गावाहून सकाळची पहिली एस.टी. धरायची, दवाखान्यात दिवस घालवायचा आणि कंबरेच्या गोळ्या घेऊन परतायचं. असे तीन फेरे झाले. चौथ्या फेऱ्याला त्यानं खिडकीच्या जाळीला तोंड लावून एका दमात सांगून टाकलं. डोंगरात गाडी उलटली तेव्हा ओटीपोटाचं हाड मोडलं होतं. तीन महिने मिलिटरीच्या हॉस्पिटलात काढले, हाड जुळून आलं. पण नवरा म्हणून तो त्या दिवसापासून बायकोच्या कामाचा राहिला नव्हता. याला आता सहा वर्षं झाली होती. दिनेशनं मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

तिथून नागपूर. तिथल्या डॉक्टरनं वर्षभर गोळ्या दिल्या, मग इंजेक्शनं दिली. कशाचाच गुण येईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "एक ऑपरेशन आहे. आतून दोन कांड्या बसवतात, वाकवता येतील अशा. मग संबंध ठेवता येतो. तुमच्या दुखापतीला आता हाच उपाय." विहिरीवरच्या मोटारपंपाबद्दल बोलावं इतक्या सरळ ते बोलले, आणि त्या सरळपणानंच बापूजीला धीर आला. परतीच्या एस.टी.त त्याला पहिल्यांदा वाटलं, बावन्न म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

पण त्या कांड्या महागाच्या, म्हणून वरच्या ऑफिसची मंजुरी हवी. सरकारी काम आणि सहा महिने थांब. सहा महिन्यांनी मंजुरी नाही, आक्षेप आला. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत अर्जदारानं अशी कोणतीही तक्रार केलेली नाही, खाली त्याची सही आहे.

तक्रार केली नव्हती, हे खरंच होतं. त्या दिवशी तपासायला एक तरुण कॅप्टन बाई होत्या, आणि पडद्यापलीकडे त्याच्याच तुकडीतले चौघं रांगेत उभे होते. बाईंनी विचारलं, "और कोई तकलीफ?" बापूजी सावधान उभा राहून म्हणाला, "नहीं, साहब." आणि कागद पुढे आला तसा त्यावर न बघताच सही ठोकली. बंदुकीला न भ्यालेला गडी पडद्याला भ्याला. आता स्वतःच्याच सहीवर चिडून काय होणार? तरी तो चिडला. आठवडाभर घरात कोणाशी धड बोलला नाही.

नागपूरच्या डॉक्टरनं पत्र दिलं की असल्या दुखापतीतून असा त्रास होतो. ते जोडलं. पुन्हा चार महिने गेले, पुन्हा कागद परत आला. दिनेशनं तो हळू आवाजात वाचला, "अर्जदाराचे वय बावन्न. अपत्य एक, विवाहित. शस्त्रक्रियेची गरज सिद्ध होत नाही. गरजेच्या रकान्यात पत्नीचे लेखी निवेदन घ्यावे."

बापूजीचं डोकंच फिरलं. "माहा पाय गेला असता, तं विचारलं असतं का यायनं, तुले आता कुठी जायाचं हाय म्हून?"

"मी नाई लिवलं जी ते," दिनेश म्हणाला. "पन वयनीची सही आना. त्याबिगर फाइल हलत नाई."

तिथंच तर खरी अडचण होती. गोकुळाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

फौजेतून घरी आल्यावर बापूजीनं बायकोला सांगितलं होतं की गावच्या तलावातली मासोळी चोरीला जाते, राखणीला कोणीतरी पाहिजे. मच्छीमार सोसायटीला फुकटचा राखणदार मिळाला. त्यानं पाळीवर, तलावाच्या बांधावर, झोपायपुरती खोपडी बांधली आणि आठ वर्षं तिथंच झोपला. गोकुळानं कधी विचारलं नाही. चिमूरच्या बाजारात सासूच्या वेळेपासूनची तिची मासोळी विकायची जागा होती. त्याच वर्षी तिनं ती धाकट्या जावेला, सोमारीला देऊन टाकली. "पेन्शनवाल्याची बायको झाली, आता बाजारात बसाची लाज वाटते," असं बापूजी चारचौघांत तिला चिडवायचा. ती हसायची. तो बाजाराला किंवा कंबरेच्या नावानं दवाखान्याला निघाला की मात्र न चुकता सांगायची, "येताना लिंबं आनजा." इतकी लिंबं कशाला, तर लोणच्याला. ताटात लोणचं क्वचितच पडायचं, पण बापूजीचं तिकडे लक्ष असायला पाहिजे ना.

कागद दोन दिवस पिशवीतच राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी गोकुळा सुपात तांदूळ निवडत होती, तेव्हा त्यानं तो तिच्यासमोर ठेवला आणि स्वतः भिंतीकडे बघत उभा राहिला. गोकुळा सातवी शिकलेली. ओळीखाली बोट धरून तिनं सगळं वाचलं, मग परत पहिल्यापासून वाचलं.

"हे कवापासून?"

"गाडी उलटली तवापासून."

"दिनेशभाऊले मालूम हाय?"

"हो."

"नागपूरच्या डॉक्टरले? वरच्या ऑफिसातल्या लोकायले?"

"त्यायले सांगाच लागते ना."

"अन् मले?"

बापूजी सुपाबाहेर सांडलेले तांदूळ गोळा करू लागला.

"सप्पा जगाले सांगतलं तुमी," गोकुळा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच त्याला जास्त लागलं. "बायकोचीच सही अडली म्हून मले सांगून राह्यले. सही नसती लागत, तं मले कवाच समजलं नसतं."

तिनं सूप उचललं आणि आत निघून गेली. दोन दिवस घरात ताट वाढलं जायचं, पण शब्द नाही. बापूजीला वाटलं, गेलं सगळं. वरचं ऑफिस परवडलं, ते निदान आक्षेप तरी लिहून पाठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला, तेव्हा तिनं पाकीट हातात दिलं. भाताच्या शितांनी चिकटवलेलं होतं. "वाचू नोका. तुमच्यासाठी नाई लिवलं, त्यायच्यासाठी लिवलं." आणि मग सवयीनं म्हणाली, "लिंबं आनजा."

हुकूम तो हुकूम. त्यानं वाटेत पाकिटाला नखही लावलं नाही. खिडकीशी दिनेशनं ते फोडलं आणि वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि कागद जाळीखालून त्याच्याकडे सरकवला.

"खाली तुमची सही लागते, भाऊ. अन् वाचून करा. एकडाव न वाचता केली, तिचं काय झालं ते पायलं ना."

गरजेचा रकाना दोन बोटांचा होता. गोकुळाचं अक्षर त्यात मावलं नव्हतं, समासात उतरून खालपर्यंत गेलं होतं.

"माहे मालक फौजेतून आले तवापासून तलावावर झोपते. मले वाटलं माह्या आंगाले मासोळीचा वास येते म्हून. म्हून मी बाजारात बसनं सोडलं. आठ वर्षं लिंबानं हात घासून राह्यली, तरी ते घरात झोपले नाई. आता समजलं का वास नोयता. गरज हाय का नाई ते तुमीच पाहा. सौ. गोकुळा बापूजी मारबते."

बापूजीनं सही केली. ती वाकडी आली.

"तीन महिने तं धराच," दिनेश म्हणाला. "अजूक काई काढतीन ते."

"काढू दे."

बाहेर आल्यावर त्याला इतका राग आला की कोणावर काढावा कळेना. वरच्या ऑफिसवर, त्या पडद्यावर, रांगेतल्या चौघांवर. सगळ्यांवर काढून पाहिला तरी तो उरलाच, आणि उरलेला कोणावरचा होता ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मासोळीच्या वासातच तो लहानाचा मोठा झाला होता. त्याच्या आईच्या पदराला तोच वास होता. त्याला तो कधी नकोसा वाटला नव्हता, आणि हे तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

बसस्टँडसमोर लिंबांचा ढीग होता. तो ढिगासमोर थांबला, मग पुढे गेला. एस.टी. सुटायच्या आधी गोकुळाचा फोन आला.

"देला का कागद?"

"देला."

"लिंबं घेतले?"

"नाई घेतले."

"काऊन?"

"लागत नाई आता."

"वाचलं ना तुमी," ती म्हणाली.

"सही कराची होती." शेजारच्या सीटवरचा माणूस बघत होता, बघू दे. "सोमारीले सांग, तुही बाजारातली जागा वापस पायजे म्हनावं."

"अन् ऑपरेशनचं?"

"ते त्यायच्या हाती हाय. देतीन तवा देतीन." गाडी सुरू झाली, तसा त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. "मी आज तलावावर नाई जात. माहं आथरून घरात टाक."