दम धरा

शिंप्याला तीन महिने शहाणी माणसं सल्ले देत होती आणि त्यामुळे तो पुरता गोंधळून गेला होता. लेक फोनवर सांगायची, बाबा, भरपूर पाणी प्या. जावई मागून म्हणायचा, उंचावर पाणी बेतानं. यात्रा कंपनीच्या पत्रकात पहिली ओळ होती, 'शरीर कणखर करा', आणि दुसरी, 'शरीराचा विसर पडू द्या'. जे कणखर करायचं ते विसरायचं कसं, हे कुणाला विचारावं? ज्याला विचारावं तो आणखी एक सल्ला चिकटवायचा.

यात्रा खरं तर बायकोची. परदेशातल्या एका पवित्र पर्वताला तीन दिवस पायी प्रदक्षिणा घालायची, हे तिनं लग्नाआधीपासून मनात घेतलेलं. टेलिफोन खात्यात असताना तिनं चारदा रजा मंजूर करून घेतली आणि चारही वेळा रद्द केली. एकदा लेकीची परीक्षा, एकदा सासूचं दुखणं, दोनदा शिंप्याचा शाळेच्या गणवेशांचा हंगाम. आता ती निवृत्त झाली होती, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. यंदा नाही तर कधीच नाही. शिंप्याला देवाधर्माचं वेड नव्हतं, पण बायकोला एकटीला कसं पाठवायचं? तिला रस्ता कोण दाखवणार? उभा जन्म मशीनसमोर बसलेल्या माणसाला रस्ते ते किती ठाऊक, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही.

पहिल्या तपासणीला बायको बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली.

"काका, जिना चढताना दम लागतो?"

"लागतो की. पण यात्रेच्या फॉर्मवर तेवढी सही..."

"आधी जरा दम धरा. हा पंप रोज ओढा. तीन महिन्यांनी बघू."

आणि पुढचा पेशंट आत आला.

इतक्या सल्ल्यांत हा एकच शिंप्याला नीट कळला. दम लागतो, तर दम धरायचा. काट्यानं काटा काढायचा. सकाळी बायकोबरोबर फिरताना तो विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत श्वास कोंडून चालू लागला. दुकानात छातीला टेप गुंडाळून, साडेअडतीसवर छाती रोखून काजं करू लागला. एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली आणि गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या.

"अहो, चेहरा असा जांभळा का झालाय?" बायकोनं विचारलं.

"तयारी," तो म्हणाला, आणि तेवढ्यासाठी सोडलेला श्वास पुन्हा धरला. कधी वाटे, फायदा होतोय. कधी वाटे, जीव जातोय. यांतला फरक कसा ओळखायचा ते पत्रकात दिलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी दोघं सही घ्यायला गेली. बायकोचा फॉर्म पाच मिनिटांत शिक्क्यासकट हातात आला. शिंप्याला डॉक्टरबाईंनी तीनदा यंत्रात फुंकायला लावलं.

"काका, हे आधीपेक्षा वाईट आहे. पंप ओढता ना?"

"ओढतो. आणि तुम्ही सांगितलं तसा दमही धरतो. पन्नासपर्यंत आकडे जातात आता."

"कसला दम?"

त्यानं गाल फुगवून, डोळे मिटून करून दाखवलं. डॉक्टरबाईंना आधी काही उमजेना. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो काका, दम धरा म्हणजे थांबा. घाई करू नका, एवढंच म्हटलं मी. श्वास कोंडायला कोण सांगेल तुम्हाला?"

बायकोला हसू आवरेना. पण फॉर्मवर सही होणार नाही असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा ते आपोआप थांबलं.

शिंप्याला लाज वाटली, आणि खोटं कशाला बोला, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आता ही पाचव्यांदा रद्द करणार. त्याचं त्याला वाईट वाटत होतं, पण हे वाईट वाटणं ओळखीचं होतं. वाटेत तोच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. बघू पुढं काहीतरी."

"मी जातेय," ती म्हणाली.

"कुठं?"

"यात्रेला."

"एकटी?"

"बावीस जण आहेत."

"अगं, पण मी..."

"तुम्ही पंप ओढा. दम तर इतकी वर्षं मीच धरलाय. आता नाही धरवत."

आवाजात राग नव्हता, म्हणून शिंप्याची पंचाईत झाली. रागाला त्याला उत्तर देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून दारात उभी राहिली. सवयीनं तोही उठला होता, पण निघायचं की नाही ते कळेना.

"मी येऊ?"

"या की. पण मी पुढं जाईन हं. माझी तयारी राहिलीय."

गल्लीच्या तोंडापर्यंत ती बरोबर होती. मग पुढं गेली. तो तिसऱ्या खांबाशी पोचला तेव्हा ती चौक ओलांडून चढाला लागली होती, पाठ ताठ, हात मोकळे, मागं न बघता. तीन महिने तो मनातल्या मनात म्हणत होता की हिच्यासाठी आपल्याला सावकाश चालावं लागतं. खांबाला धरून तो श्वास घेत उभा राहिला. आपली बायको इतकी भराभर चालते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.