डाळिंबाच्या सालीखाली

“सिगरेट बिडी, अम्मा. मोदलु सिगरेट बिडी.”

मित्रांनो, भीमाचार्य वैद्यांनी माझ्या झाकणावर बोट ठेवून हे वाक्य म्हटले, तेव्हा मी नवा कोरा होतो. आता मी जुना झालो आहे. कडांना गंज चढला आहे, बगलेत पोचा आला आहे. बसवनगुडीतल्या एका स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर माझी जागा आहे. माझ्या पोटात डाळिंबाची वाळलेली साल असते. पण जन्माने मी सिगरेटचा डबा. हे सांगताना आजही माझा पत्रा तापतो.

कारखान्यात पत्रा कापून, वळवून, सांध्यांना डाक देऊन मला घडवले. अंगावर सोनेरी नक्षी छापली. पन्नास सिगरेटी उभ्या भरून माझे तोंड हवाबंद केले. दुकानात मी काचेमागे बसायचो. दोऱ्याने बांधलेली विड्यांची बंडले खाली टोपलीत पडलेली असत. मला वाटे, आपण केवढे भाग्यवान!

१९५८ साली रत्नाकररावांनी मला घरी आणले. ते पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले होते. बरोबर पत्नी नीला आणि तीन वर्षांची मुलगी क्षमा. नीला बी. ए. झालेली. घरात ती कुणाला नुसते बघत नसे, निरखत असे. कोण किती जेवले, कुणाचा चेहरा उतरला, सारे तिच्या ध्यानात राही. आणि ते राहायलाच हवे होते. रत्नाकररावांना आतड्याचे जुने दुखणे होते. चार दिवस बरे जात. पाचव्या दिवशी पोटात कळ येई, परसाकडे दहा-दहा खेपा होत, कधी रक्तही पडे. डॉक्टर म्हणाले होते, “हे मुळापासून जायचं नाही. पथ्यानं सांभाळायचं.”

नीलाने पथ्य सांभाळले. मिरची गेली, तळण गेले. शेवग्याची शेंग दारात लटकत असूनही ताटात आली नाही. बंगळुरात राहून कॉफीदेखील गेली. मऊ भात, मुगाचे पाणी, उकडलेले कच्चे केळे, दुधी. सिगरेट मात्र राहिली. सिगरेट काही पोटात जात नाही, असे सगळ्यांनाच वाटे. मलाही.

एकदा कळ फार आली, म्हणून शेजारचे भीमाचार्य नाडी बघायला आले. नाडी बघून झाली आणि त्यांनी माझ्यावर बोट ठेवले. “सिगरेट बिडी, अम्मा.”

नीलाला बंगळुरात येऊन तीनच महिने झाले होते. तिला कानडी येत नव्हती, आचार्यांना मराठी येत नव्हती. पण तिला वाटले, एवढे तर सोपे आहे. आपल्याकडची विडी ती इकडची बिडी. सिगरेट ओढतात की बिडी, असे विचारत आहेत बिचारे. तिने घाईघाईने मान हलवली.

“छे छे, बिडी नाही! नो बिडी. ओन्ली सिगरेट.”

आचार्यांनी तिच्याकडे बघितले. पुन्हा म्हणाले, “बिडी, अम्मा, बिडी.” आणि मित्रांनो, नीला हसली. तोंडाला पदर लावून, पण चांगली खुदकन हसली. आचार्यांनी उपरणे सावरले आणि ते निघून गेले.

त्या हसण्याची पुढे घरात गंमतच होऊन बसली. रत्नाकररावांनी काडी पेटवली की ते म्हणत, “वैद्यबुवांनी बिडी लिहून दिलीय, पण मी आपला सिगरेटीवरच भागवतो.” पाहुणे हसत, नीला हसे. माझ्यातल्या पन्नास सिगरेटी आठवड्यात संपल्या. माझ्या जागी दुसरा डबा आला. क्षमाने मला मागून घेतले आणि माझ्यात चिंचोके ठेवले. ते माझे सुखाचे दिवस. ती मला खुळखुळवत घरभर फिरे.

असे वर्ष गेले. नीला बाजारापुरती कानडी शिकली. बेकू म्हणजे हवे, बेडा म्हणजे नको, साकू म्हणजे पुरे, स्वल्प म्हणजे थोडे. ‘बिडी’ हा शब्द तिच्या कानांवरून रोज जात असणार. पण ज्या शब्दाला आपण एकदा हसलो, तो पुन्हा ऐकू येत नाही.

रत्नाकरराव मात्र झिजत चालले. मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकू लागले. विचारले तर म्हणत, “स्वल्प दुखतंय गं. होईल कमी.” एवढा एकच कानडी शब्द त्यांनी उचलला होता, आणि तो सगळीकडे चालवत. नीलाचे पथ्य आणखी कडक झाले. तिला वाटे, आपलेच काहीतरी चुकते आहे. तिने तांदूळ बदलला, पाणी उकळून गाळून ठेवले, भाज्यांच्या बिया एक-एक करून काढल्या.

मग एका रविवारी कृष्णात आले. हे रत्नाकररावांच्या कारखान्यातले, मूळचे निपाणीचे. त्यांना मराठी आणि कानडी दोन्ही घरच्यासारख्या. रत्नाकररावांनी नेहमीची गंमत सांगितली.

कृष्णात आधीच हसायला लागले. “बिडी? अहो, मी निपाणीचा, तंबाखूच्या गावचा! बिडी काय असते ते मला विचारा की!” मग एकदम थांबले. “काय म्हणाले म्हणालात आचार्य? पुन्हा सांगा बघू, त्यांच्याच शब्दांत.”

नीलाने सांगितले, “सिगरेट बिडी. मोदलु सिगरेट बिडी.”

कृष्णातांनी कपबशी खाली ठेवली.

“वहिनी, कानडीत ‘बिडी’ म्हणजे ‘सोडा’. मोदलु म्हणजे आधी. आधी सिगरेट सोडा, म्हणाले ते.”

त्या वेळी माझ्यात सतरा चिंचोके होते. क्षमा ते मोजत होती. घरात तेवढाच आवाज होता.

नीला उठली. मला तिने क्षमाच्या हातून घेतले, चिंचोके जमिनीवर ओतले आणि मला मुठीत धरून ती तरातरा आचार्यांच्या ओट्यावर गेली. मागून कृष्णात धावले.

“विचारा त्यांना, भावजी! एकदाच सांगून गप्प का बसलात म्हणावं. वर्ष गेलं माझं!”

आचार्यांनी शांतपणे ऐकले. मग बरेच बोलले. कृष्णातांनी मराठीत सांगितले, “म्हणतात, मी दोनदा सांगितलं. अम्मा हसल्या. जे घर औषधाला हसतं तिथं पुन्हा जाऊ नये, असं मला वाटलं.” लगेच पुढे म्हणाले, “आणि म्हणतात, ती माझी चूक. मी पुन्हा येऊन बघायला हवं होतं.”

भांडायला गेलेली नीला ओट्यावर बसून रडली. आचार्यांच्या पत्नीने तिच्या हातात वाळलेल्या डाळिंबाच्या सालीचा पुडा दिला. कुटून, चिमूटभर ताकात घालून रोज द्यायची.

घरी येऊन नीलाने मला चिंच आणि राख लावून घासले. सोनेरी नक्षी निघून गेली. दोन दिवस उन्हात ठेवले आणि माझ्यात साल भरली. माझे काम बदलले. मला अभिमान वाटला, मित्रांनो. ज्याने दुखणे वाढवले, तोच आता औषध सांभाळू लागला. पण पत्र्याच्या सांध्यात वास राहतो. तो चिंचेने जात नाही.

रत्नाकररावांनी सिगरेट सोडली. ते दिवस घरात कुणालाच सोपे गेले नाहीत. भाताची ढेप बघून ते ताट सरकवत. एकदा ओरडले, “मिरची नाही, कॉफी नाही, सिगरेट नाही! मग मी जगतो कशासाठी गं, दुधीसाठी?” नीलाने क्षमाला जवळ ओढले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “वाढ तो दुधी. निदान भांडत तरी नाही.” पोट सुधारेल असे वाटले होते, तर पहिले काही आठवडे ते उलट जास्तच बिघडले. नीला आरशासमोर उभी राहून स्वतःलाच विचारी, “हेही चुकलं का माझं?”

मग हळूहळू उतार पडला. कळा कमी झाल्या. घड्याळ पुन्हा मनगटाशी आले.

आणि इथे मला माझा गुन्हा सांगायचा आहे. नीला बाजारात गेली की रत्नाकरराव स्वयंपाकघरात येत. माझे झाकण उघडत, डोळे मिटत आणि नाक आत घालून एक लांब श्वास घेत. बस, एवढेच. झाकण लावून निघून जात. मला वाटले, घेऊ दे बिचाऱ्याला. नुसत्या वासाने काय होते? पुढे एका दुपारी त्यांनी साल बाजूला सारली आणि तळाशी दोन सिगरेटी ठेवल्या. दोनच. मी त्या पोटात ठेवल्या. माणसे म्हणतात ना, अमुक गोष्ट पोटात ठेव, कुणाला सांगू नकोस! ती विद्या मला जन्मजातच आहे. दोनाच्या चार झाल्या. नीला वरची वरची साल घेई. तिला तळ दिसत नसे.

गुपित फोडले ते क्षमाने. वडिलांच्या वाटीतले ताक तिने बोटाने चाटले आणि म्हणाली, “आई, ताकाला बाबांचा वास येतोय. पहिल्या बाबांचा.”

नीलाने मला ताटात पालथे केले. सालीबरोबर सिगरेटी बाहेर आल्या. ताट तसेच उचलून तिने नवऱ्यापुढे ठेवले.

रत्नाकरराव खाली बघत म्हणाले, “स्वल्प, नीला. दिवसाला एखादी. अगदी स्वल्प.”

“आचार्यांनी स्वल्प बिडी नाही सांगितलं,” ती म्हणाली. “नुसतं बिडी सांगितलं.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते न्हाणीघराच्या दारात कोसळले. रक्त बरेच गेले होते. पाच आठवडे इस्पितळात होते. ते सिगरेटीमुळे झाले की दुखणेच तसे होते, डॉक्टरांना नक्की सांगता आले नाही. “धूर मात्र पुन्हा नको,” एवढे म्हणाले. नीलाला कुणाच्या सांगण्याची गरज नव्हती. तिचे उत्तर ठरलेले होते. आचार्यांसमोरच्या आपल्या त्या हसण्याकडे ती बोट दाखवी. आजही दाखवते.

घरी आल्यावर रत्नाकरराव काठी टेकत स्वयंपाकघरात आले. मला वाटले, झाकण उघडणार. त्यांनी उघडले नाही. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, “बिडी. आता कळलं मला.” मला टाकून द्या, असेही ते म्हणाले. पण नीलाने टाकले नाही. “राहू दे समोर,” ती म्हणाली. “मला विसरायला नको.”

त्याला आता सहा वर्षे झाली. सिगरेट पुन्हा आली नाही. दुखणे मात्र गेले नाही. ते घरातच राहते, एखाद्या अबोल नातेवाइकासारखे. क्षमा शाळेत जाते. नीलाच्या मांडीवर आता दुसरे बाळ आहे. आणि नीला कान लावून बसते. रत्नाकरराव परसाकडे गेले की ती मनात आकडे म्हणते. तीनशेपर्यंत आली की हाक मारते, “अहो!” तिकडून उत्तर येते, “आहे गं, आहे!” मग ती श्वास सोडते. असे दिवसातून कितीदा तरी होते. तिचा स्वतःचा चेहरा किती सुकला आहे, ते मला फळीवरून दिसते. मी ते पोटात ठेवतो. दुसरे काय करणार?

मित्रांनो, डब्याकडून शिकण्यासारखे फारसे काही नसते. तरी एक ऐका. माझ्यासारखे होऊ नका. कुणाचे दुखणे पोटात ठेवू नका. ज्या शब्दाचा अर्थ कळला नाही, त्याला हसू नका. कुणी ‘स्वल्प’ म्हणाले, तर त्याला दुसऱ्यांदा विचारा.

आज सकाळी रत्नाकरराव म्हणाले होते, “स्वल्प दुखतंय.” बाळ रात्रभर रडले होते, नीलाचे डोळे मिटत होते. ती म्हणाली, “बरं.” नुसते बरं. पुढे काही विचारले नाही.

आता शेगडीवर पेज चढली आहे. बाळ मांडीवर नुकतेच झोपले आहे. रत्नाकरराव परसाकडे गेले आहेत आणि तिकडचे दार बराच वेळ बंद आहे. नीलाचे ओठ हलत आहेत. तीनशे कधीच होऊन गेले.

“अहो!”

पेज वर येते आहे. तिने एका हाताने पातेल्याचे झाकण सरकवले, दुसऱ्या हाताने बाळाचे डोके धरले.

“अहो! ऐकलंत का?”

मला पाय नाहीत. क्षमा शाळेत आहे. नीला दाराकडे बघते आहे, आणि दारात, मित्रांनो, तुम्हीच उभे आहात.

“कोण आहे तिकडे? जरा परसात जाऊन बघून या हो. त्यांना हाक मारा. आणि ‘आहे’ म्हणाले, तरी एकदा परत विचारा.”