झाडलेली जागा

"बाबा, हे तीन लाख कुठचे?" रश्मीने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवले.

आरमोरीच्या सेतू केंद्रात उभ्या असलेल्या नथ्थूच्या अंतःकरणात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आयकराच्या नोंदीत, खेळात जिंकलेली रक्कम म्हणून, राईस मिलच्या या हमालाचे संपूर्ण नाव झळकत होते.

"पोरीची शिष्यवृत्ती अडते भाऊ," केंद्र चालवणारी रीना त्या नोंदीचा छापील कागद काढत म्हणाली. "उत्पन्न जास्त दिसून राह्यलं. पैसे तुमचेच होते का?"

नथ्थूची नजर आपल्या नावावरून हलेना.

मोबाइलवरील फिरत्या चक्रांचा तो खेळ तो नित्यनेमाने खेळत असे. आधी पाच-पाच रुपयांनी यंत्र तापवावे, मग पन्नास लावावे, हा त्याचा शिरस्ता. यंत्राने त्याचा पगार गिळला, बायकोचे डोरले गिळले. आणि एका संध्याकाळी मित्र दसरूने नथ्थूच्याच खात्यावर, स्वतःचे शंभर लावून, गंमत म्हणून अंगठा टेकवला, तोच तिन्ही चक्रांवर घंटा उभ्या राहिल्या! कर कापून आलेली रक्कम नथ्थूने दसरूला इमानाने दिली. परंतु तेव्हापासून दसरूची नवी मोटारसायकल त्याच्या काळजावरून धावत असे. मोहाच्या झाडाखालची जागा जो झाडतो, फुले त्याची, ही गावाची रीत. जागा झाडली आपण अन् टोपली भरली दसरूची!

"हरलो ते कुठी लिवलं हाय?" त्याने हळूच विचारले.

"ते नाई लिहत भाऊ. जिंकलेलंच दिसते."

म्हणजे अवघ्या जगात हा एकच कागद होता, ज्यावर नथ्थू केवळ जिंकलेला होता.

"बाबा, काई तं बोला! नर्सिंगची शेवटची तारीख हाय आज."

त्याने लेकीच्या मुखाकडे पाहिले. मग म्हणाला, "माहे नाई ते. दसरूचे होते. फोन लाव त्याले."

दसरू मोटारसायकल उडवत आला. ऐकून खदखदून हसला.

"काऊन बे नथ्थ्या, वर्षभर माहं नशीब आपल्या नावानं मिरवलं का?" परंतु रीनाने लिहिलेल्या जबाबावर त्याने तत्काळ सही केली. "साहेबापुढंही सांगतो. पोरीचं काम अडाले नाई पाह्यजे."

त्याचा तो चांगुलपणाच नथ्थूला अधिक झोंबला.

"चाल, घरी सोडतो."

"थांब जरा." नथ्थू रीनाकडे वळला. "बाई, त्या जिंकल्याच्या कागदाची एक झेरॉक्स दे न."

मग तो प्रथमच त्या मोटारसायकलीवर, दसरूच्या मागे बसला. एक हात त्याने दसरूच्या खांद्यावर ठेवला. दुसऱ्याने सदऱ्याचा खिसा गावापर्यंत दाबून धरला.