पाणी बघून आलेली छागल

मित्रांनो, तुमच्या घरी गार पाणी फ्रिजमध्ये असते. त्यामुळे तुमची माझी ओळख असण्याचे कारण नाही. मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. मला एक तोंड आहे, तोंडाला लाकडी बूच आहे आणि खांद्याला अडकवायला दोरी आहे. पूर्वी ट्रकच्या पुढे, जीपच्या बाजूला, रेल्वेच्या खिडकीबाहेर माझ्यासारख्या पुष्कळ जणी लटकलेल्या दिसत. आता दिसत नाहीत.

आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या शहरातल्या एका शिंप्याच्या दुकानात माझा जन्म झाला. निजामाविरुद्धची पोलीस अॅक्शन होऊन तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. हा शिंपी आधी निजामाच्या फौजेचे तंबू शिवायचा. फौज गेली आणि तंबूचे कापड त्याच्याकडे पडून राहिले. त्या कापडाच्या तो छागली शिवू लागला. माझ्या पाठीवर तंबूची दोरी ओवायचे एक भोक होते. त्यावर त्याने ठिगळ लावले. ते ठिगळ अजून घट्ट आहे.

मला म्हाळसाबाईच्या वडिलांनी विकत घेतले आणि लेकीच्या लग्नात जावयाला दिले. जावयाचे नाव त्रिंबक. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याकडचे हे मेंढपाळ कुटुंब. पहिल्याच दिवशी त्रिंबकने मला भरले आणि सगळे पाणी त्याच्या धोतरावर गळले. तो म्हणाला, सासऱ्याने फसवले. म्हाळसाबाई नवी नवरी होती, तरी तिने त्याला ऐकवले, "आधी भिजवायची असती. कोरडी छागल पानी धरीत नाय." तिने मला एक दिवस आणि एक रात्र हंड्यात बुडवून ठेवले. सूत फुगले, भोके बुजली. मग मी गळायची थांबले आणि नुसती पाझरू लागले. पाझरलेल्या पाण्याला वारा लागला की आतले पाणी गार होते. माझे सगळे काम एवढेच आहे.

तेव्हापासून त्या घरात एक नियम झाला. मी हंड्यात पडले म्हणजे उद्या कोणीतरी निघणार.

मेंढपाळ एका जागी राहत नाहीत. मेंढरे, घोडी, कोंबड्या, लेकरे असा सगळा वाडा घेऊन ते एका रानातून दुसऱ्या रानात जातात. पण वाडा हलवण्याआधी एक माणूस एकटा पुढे जातो. तो पुढच्या मुक्कामाचा चारा बघतो, पाणी बघतो. जाताना तो छागलीत इकडचे पाणी नेतो आणि येताना तिकडचे पाणी भरून आणतो. ते पाणी वाड्यातली थोरली बाई चाखते. गोड निघाले तर वाडा हलतो. मचूळ निघाले तर ती सांगते, हलायचे नाही. मग पुढे जाऊन आलेला माणूस कितीही वाद घालो, वाडा हलत नाही. गेलेला माणूस परत येईपर्यंत मागच्यांनी बांधलेले सामान सोडायचे नाही, असाही नियम आहे.

त्रिंबक पुढे जायचा. मी त्याच्या खांद्यावर असायची. आधी त्याची आई पाणी चाखायची. आई गेल्यावर म्हाळसाबाई चाखू लागली. कितीतरी विहिरींचे, नाल्यांचे आणि गोदावरीच्या डोहांचे पाणी मी पोटात घालून आणले आहे. उन्हात दुपारी माझे बूच काढून त्रिंबक प्यायचा, तोंड पुसायचा आणि माझी स्तुती करायचा. ते माझे चांगले दिवस होते.

पुढे चराईची राने कमी झाली. काही राने कारखान्यांत गेली, काहींचे प्लॉट पडले. त्रिंबकने मेंढरे विकली. तो शहरात आला आणि एका कंपनीच्या फाटकावर राखणदार झाला. पुंडलिकनगरात त्यांनी दोन खोल्या घेतल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. घरात नळ आला, नंतर माठाच्या जागी फ्रिज आला. मी खिळ्याला लटकून राहिले. माझे कापड कडक झाले. कोणी माझे नाव घेईना.

मग एकदा लासूर स्टेशनच्या एका खताच्या दुकानातून त्रिंबकने कॅलेंडर आणले. त्यावर मुंबईचा समुद्र होता. मागे उंच इमारती होत्या आणि पुढे लाटेवर, एका फळीवर, एक माणूस उभा होता. म्हाळसाबाई त्या चित्रापुढून हलेना. पाणी प्यायचे असते, पाणी पाजायचे असते, पाण्यातून वाट काढायची असते, हे तिला माहीत होते. पाण्यावर उभे राहून कोणी हसत असेल, हे तिने पाहिले नव्हते.

त्रिंबक म्हणाला, फळी खालून कशाला तरी ठोकलेली असणार. कारभारी नावाच्या शेजाऱ्याने तर ते चित्रच खोटे ठरवले. म्हाळसाबाईला दोघांचे पटले नाही. ती म्हणाली, एक दिवस जाऊन डोळ्याने बघू. रात्रीच्या गाडीने जायचे, दिवसभर समुद्रावर बसायचे आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे. दशम्या आणि ठेचा बरोबर घ्यायचा. पाणी छागलीत. तिकडचे पाणी खारे असते असे तिने ऐकले होते.

तिने मला खिळ्यावरून काढले आणि बादलीत बुडवले. मला फार बरे वाटले. पण दुसऱ्या दिवशी तिची मोठी जाऊ वारली आणि जाणे राहिले. पुढच्या वर्षी त्रिंबकला सुट्टी मिळाली नाही. एकदा तिच्या पायाला सूज होती. एकदा तर दोघे दारापर्यंत आले आणि कुलपाची किल्ली सापडेना. किल्ली सापडली तेव्हा गाडी गेली होती. किल्ली फ्रिजमध्ये होती आणि तिथे कोणी ठेवली यावर ते दोघे पुढची दिवाळी येईपर्यंत भांडले. दर खेपेला मी भिजायची, भरली जायची आणि दाराच्या ग्रिलला टांगली जायची. जाणे रद्द झाले की माझ्यातले पाणी घरीच पिऊन संपायचे. कॅलेंडरची साले बदलली. म्हाळसाबाईने ते एक पान तेवढे भिंतीवर ठेवले.

त्रिंबक कामावरून निवृत्त झाला तेव्हा म्हाळसाबाईच्या पोटात दुखू लागले. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. डॉक्टरांनी त्रिंबकला बाजूला घेऊन सांगितले की हा आजार बरा होण्यातला नाही आणि प्रवास तर करूच नका. त्रिंबकने घरी येऊन काही सांगितले नाही. त्याने मला खिळ्यावरून काढले, बादलीत बुडवले आणि म्हाळसाबाईला म्हणाला की परवा निघू. त्याला वाटले, आता नाही गेलो तर कधीच जाणे होणार नाही. पण ती धड उठून बसतही नव्हती.

संध्याकाळी कारभारी आणि त्याची बायको द्वारकाबाई बघायला आले. कारभारीने मला बादलीत पाहिले. त्याला रडणाऱ्या माणसांत बसता येत नसे, म्हणून तो नेहमी थट्टाच करी.

"वहिनी, लई वर्सं लावली तुमी," तो म्हणाला. "समुद्र ऱ्हायलाय का आटला, ते तरी इचारलं का कुनाला?"

द्वारकाबाईने त्याच्याकडे रागाने पाहिले. पण म्हाळसाबाई हसली. म्हणाली, "व्हय की. मंग म्होरं मानूस धाडाया पायजे."

मग ती त्रिंबककडे वळली. "तुमी म्होरं जावा. पानी बघून या. छागल भरून आना. मी चाखते, मंग ठरवू."

त्रिंबक नको म्हणाला. तिला टाकून जाणे त्याला शक्य नव्हते. म्हाळसाबाई म्हणाली की वाडा कधी पाणी न बघता हलला आहे का. मग तो जायला तयार झाला. द्वारकाबाईने तिच्याजवळ राहायचे कबूल केले.

असा मी समुद्र पाहिला. गाडीच्या खिडकीच्या गजाला टांगून मी मुंबईला गेले आणि सकाळी एका चौपाटीवर त्रिंबकच्या खांद्यावरून उतरले. मित्रांनो, मी पाण्याची पिशवी आहे, पण एवढे पाणी एका जागी मी पाहिले नव्हते. त्रिंबकही वाळूत बसला. म्होरं जाऊन आलेल्या माणसाने नीट सांगायचे असते, म्हणून तो सगळे नीट बघत होता.

फळ्या घेतलेली काही मुले-मुली पाण्यात होती. ती फळीवर पोटावर झोपत, लाट आली की उठू पाहत आणि पडत. एक मुलगी पडली ती खारे पाणी पिऊन खोकत बाहेर आली. त्रिंबकने माझे बूच काढून तिला पाणी दिले. ती घटघट प्यायली आणि तिने विचारले, काका, एवढे गार कसे, बर्फ घातलाय का. त्याने माझ्याकडे बोट दाखवले. मग त्याने तिची फळी हातात घेऊन पाहिली. ती कशालाही ठोकलेली नव्हती. दिसायला मोठी असून अगदी हलकी होती.

दुपारनंतर त्याने माझ्यातले उरलेले गोड पाणी पिऊन टाकले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन मला भरले. त्या मुलीने सांगितले की हे पाणी पिता येत नाही. तो म्हणाला, "ठावं हाय. घरी चाखायला पायजे."

परतीच्या वाटेवर मी रात्रभर पाझरले. माझ्या अंगावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले. घरी पोहोचलो तेव्हा मी निम्मी उरले होते.

म्हाळसाबाई जागी होती. त्रिंबकने सगळे सांगितले. समुद्र आटलेला नाही हे सांगितले. फळी ठोकलेली नसते, हेही सांगितले आणि तिचेच खरे होते हे कबूल केले.

"पडत्यात का?" तिने विचारले.

"लई पडत्यात. उबं ऱ्हात्यात थोडंसंच."

"पडल्यावर?"

"परत चढत्यात. हसत्यात बी."

तिने मान हलवली. मग द्वारकाबाईने तिला आधार देऊन बसवले. त्रिंबकने तिच्या ओंजळीत थोडे पाणी ओतले. तिने जिभेला लावले, डोळे मिटले, तोंड वाकडे केले. वाड्यातल्या सगळ्या वर्षांत तिने एवढे वाईट पाणी चाखले नव्हते.

"मेंढरं मेली असती," ती म्हणाली. "हलायचं नाय."

थोरल्या बाईने एकदा सांगितल्यावर वाद घालायचा नसतो. सहल रद्द झाली. आपण तिला नेऊ शकलो नाही, असे त्रिंबकला त्यानंतर म्हणता येईना. पाणीच मचूळ निघाले होते.

काही दिवसांनी तिचे बोलणे कमी झाले. एका दुपारी तिने त्रिंबकला जवळ बोलावले आणि सांगितले की या बारीला ती म्होरं जाणार. पुढे जाणाऱ्याच्या खांद्यावर छागल द्यायची रीत. त्रिंबक मला खिळ्यावरून काढायला उठला. तिने हाताने नको म्हटले.

"तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. तुमाला पानी प्यायचं ध्यानात ऱ्हात नाय."

ती गेल्यावर कारभारीने सांगितले की ही खारट छागल आता फेकून दे. त्रिंबकने मला फेकले नाही. त्याने मला कितीदा तरी धुतले. पट्टे पुसट झाले, पण मीठ पुरते निघाले नाही. हवा दमट झाली की मी कोणी न भिजवता ओलसर होते. तो अजून अधूनमधून मला बादलीत बुडवतो आणि दुसऱ्या दिवशी भरून ग्रिलला टांगतो. दुपारी आठवणीने एक पेला पितो. पाणी गार असते आणि किंचित खारट लागते. तो ते तोंड वाकडे न करता पितो.

जाणाऱ्या-येणाऱ्याला मी दिसते. कोणी विचारले, कुठे निघालात, तर तो सांगतो, "निघायचं हाय. पन मानूस म्होरं गेलंय. सांगावा यायचाय."

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा दारामागे माझ्यासारखी एखादी असेल तर तिला कडक होऊ देऊ नका. काम नसले तरी मधूनमधून भिजवा, वाऱ्याला टांगा. निघायची वेळ सांगून येत नाही आणि कोरडी छागल पाणी धरत नाही.