पेटीतला ठोका

नोलीन ब्रॅडकचं पत्र दीड महिना माझ्याकडे पडून होतं. एका जाड पुस्तकात मी ते घालून ठेवलं होतं, डोळ्यांसमोर नको म्हणून. त्यात दोनच प्रश्न होते. "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवायचात, म्हणून विचारते. मी क्लेमला आणून दिलेल्या व्हेपनं त्याचा जीव घेतला का? आणि डॉक्टर माझ्या छातीत यंत्र बसवायचं म्हणतात, ते बसवून घेऊ का?"

क्लेम तिचा नवरा. चाळीस वर्षं सिगारेटी ओढून झाल्यावर, दवाखान्यातल्या नर्सच्या सल्ल्यानं नोलीननं त्याला ते बॅटरीवरचं वाफेचं पेन आणून दिलं. तो ते शर्टाच्या डाव्या खिशात ठेवी. मार्चमध्ये एका सकाळी मागच्या पायरीवर बूट चढवता चढवता तो गेला, तेव्हाही ते त्याच खिशात होतं.

उत्तर मी चार वेळा लिहायला घेतलं. पण मी काही डॉक्टर नव्हे. माझं एखादं वाक्य चुकलं तर काय, या विचारानं चारही कागद घडी करून ठेवले. मी गप्प राहिलो, आणि त्या रिकाम्या जागेवर गावोगाव तांब्याच्या चकत्या विकणारा लेयटन फॉस्क येऊन बसला.

त्या रविवारी आमच्या मांगाटावा गावच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. एरवी त्या फक्त मयताच्या चहाला कमी पडतात. दूधवाले शेतकरी गमबूट दाराशी काढून मोज्यांनीच आत आले होते. टेबलावर स्कोन नावाच्या छोट्या पावांच्या रिकाम्या ट्रेमध्ये गावातले वीसेक व्हेप गोळा करून ठेवले होते. फॉस्कच्या अंगात पांढरा शर्ट, गळ्यात तांब्याची चकती, हातात पावाच्या लादीएवढी काळी पेटी.

"मित्रांनो, घरात उंदीर शिरला तर दिसतो," तो म्हणाला. "विजेच्या लाटा शिरल्या तर?"

"माझ्या घरात मेहुणा शिरलाय," मागून कोणी तरी बोललं. "त्यावर आहे का काही?"

हशा पिकला. फॉस्कही हसला. मग त्यानं पेटी ट्रेवर धरली आणि हसू थांबलं. टक्. टक्. टक्. पेटी ट्रेकडे नेली की आवाज वाढायचा. व्हेपवर तांब्याची चकती ठेवली की तो विरून जायचा. "चकतीत चौदा पर्वतांचं मौन आहे," फॉस्क म्हणाला. पर्वतांची नावं कोणी विचारली नाहीत. चकत्या मात्र लोकांनी भराभर घेतल्या.

मग नोलीन उठली. तिनं रुमालातून क्लेमचं व्हेप काढलं. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. फॉस्कनं पेटी जवळ नेली, आणि ती टकटकली.

"बॅटरी नाही, तरी चालू आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बाई, लाटांनी तुमच्या माणसाचं हृदय ओढून घेतलं. ते इथे आहे. ऐका."

खुर्च्यांवरची माणसं पुढे वाकली. मीही कान देऊन ऐकलं. माझ्या अंगावर काटा आला, हे मला कबूल केलंच पाहिजे.

"यावर चकती ठेवू नका, पुसलं जाईल," फॉस्क म्हणाला. "आणि छातीत यंत्रबिंत बसवलंत, तर त्याच्या लाटांपुढे हे टिकणार नाही."

ती पेटी नोलीननं घरी नेली. फॉस्ककडे अशा आणखी होत्या.

तीन दिवसांनी मेरेआना माझ्या दारात उभी राहिली. नोलीनच्या घरामागचं आणि हॉलमागचं कुरण तिचं. एके काळी ती माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, अजून मला सरच म्हणते.

"सर, आंटी पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलात जाणार नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, यंत्राशिवाय तिचं हृदय एखाद्या दिवशी चालायचंच विसरेल. तुम्ही बोला ना तिच्याशी."

"माझं कोण ऐकणार, मेरेआना?"

"वर्गात आम्ही तरी कुठे ऐकायचो? तुम्ही बोलायचातच की."

मी गेलो. नोलीनच्या स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लागलेला होता. टेबलावर दोन कप होते, दुसरा माझ्यासाठी नव्हता. किटलीशेजारी पेटी होती, पेटीसमोर क्लेमचं व्हेप. नोलीन स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसली होती.

"बोलू नका," ती म्हणाली. "ऐका."

टक्. टक्. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बेचाळीस.

"माझी नाडीही तेवढीच आहे. डॉक्टर त्याला आजार म्हणतात." ती हसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आम्ही दोघं बरोबरीनं चालतोय, ट्रेगर. तो मागे राहिला नाही."

मी पुन्हा मोजलं. बेचाळीस. तिसऱ्यांदाही बेचाळीसच. माणसाचं हृदय असं चालत नाही. ते श्वासागणिक थोडं मागेपुढे होतं, आठवणीनंही होतं. मध्येच नोलीनचं बोट दचकलं, तिचा एक ठोका चुकला होता. पेटीचा चुकला नाही.

मी पत्राविषयी बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. मागच्या दारानं बाहेर पडलो, तिथे क्लेमची पायरी, आणि पायरीपासून दहा पावलांवर मेरेआनाचं विजेचं कुंपण. एका खांबावरचा, तार अडकवायचा पांढरा चिनीमातीचा लट्टू तडकला होता. त्या फटीत बारीक निळी ठिणगी उडत होती. टक्. आतल्या पेटीबरोबर अगदी एकाच क्षणाला.

गायींना धाक राहावा म्हणून तारेत ठरावीक वेळानं विजेचा झटका सोडतात. तार कुठे गळत असली की ठिणगी पडते, आणि जवळच्या रेडिओत ती टकटकते. इथल्या प्रत्येकानं गोठ्यातल्या रेडिओवर बातम्यांच्या मागे ती जन्मभर ऐकली आहे. म्हणूनच ती आता कोणाला ऐकू येत नाही. मलाही आली नव्हती.

त्याच वेळी परत आत जाऊन सांगायला हवं होतं. ते दोन कप आठवले आणि मी घरी आलो.

मेरेआनाला मात्र सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी तो लट्टू बदलायचा आळस केला, आणि त्याचं हे भूत झालं." बदलायला निघालेल्या तिला मी रविवारपर्यंत थांबवलं.

रविवारी हॉल पुन्हा भरला. फॉस्कनं पेटी क्लेमच्या व्हेपवर धरली, टकटक सुरू झाली आणि मी उभा राहिलो.  वाक्य पाठ करून गेलो होतो, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"दोन वाजून दहा मिनिटांनी क्लेमचं हृदय थांबेल," मी म्हणालो. "सव्वादोनला परत सुरू होईल."

नोलीननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून माझ्या पाठीवर असते.

"नकारात्मक माणसाच्या सान्निध्यात..." फॉस्कनं सुरुवात केली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली. पेटी गप्प झाली. फॉस्कनं ती हलवली, थोपटली, व्हेपला टेकवली. पाच मिनिटं हॉलमध्ये फक्त चहाच्या बंबाची घरघर होती. सव्वादोनला पुन्हा टक्.

दारात मेरेआना आली, गमबुटांसकट.

"माझं कुंपण होतं," ती म्हणाली. "मीच बंद केलं, मीच चालू केलं. आणि साहेब, ती पेटी द्या बघू इकडे." तिनं ती त्याच्या हातातून काढून उलटी केली. अंगठ्याखाली दातेरी चाक होतं, आवाज कमीजास्त करायचं. ते फिरवत ती पेटी घेऊन व्हेपपासून दूर, चहाच्या बंबाकडे गेली. पेटी बंबापाशीही तशीच टकटकली. "काय हो, या बंबात कोणाचं हृदय आहे?"

पाठीमागचं झाकण तिनं चमच्यानं उचकटलं. आत जुन्या रेडिओची आतडी होती.

"हे यंत्र सगळ्यांसाठी नाही," फॉस्क म्हणाला.

"गायींसाठी आहे," कोणी तरी म्हणालं. यावेळी हशा जास्त मोठा होता.

त्या हशातून नोलीन उठून गेली. क्लेमचं व्हेप टेबलावरच राहिलं.

सोमवारी तिनं मेरेआनाला दार उघडलं नाही. मी फाटकापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परतलो. मंगळवारी सकाळी तिचं पत्र पुस्तकातून काढलं आणि पाचव्यांदा लिहायला बसलो.

"नोलीन, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. व्हेपमध्ये एक छोटी बॅटरी आणि तापणारी तार असते. तिचं चुंबकीय क्षेत्र बोटभर अंतरावरच क्षीण होतं, आणि कोणी ओढत नसेल तेव्हा नसल्यासारखंच असतं. खिशातल्या त्या क्षेत्रानं क्लेमचं हृदय बंद पडलं नाही. वाफ निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्या छातीवर चाळीस वर्षांचा धूर होता. तुम्ही त्याला त्यातून बाहेर काढत होतात.

"दुसऱ्याचं उत्तर हो. यंत्र बसवून घ्या. लोहचुंबक असलेल्या वस्तू त्यापासून वीतभर दूर ठेवायला सांगतील, त्यांत काही व्हेपही येतात. तेवढं पाळा. मी डॉक्टर नाही, म्हणून माझंही नुसतं ऐकू नका, त्यांना विचारा, खोदून विचारा. फॉस्कला कोणी विचारलं नाही, तेवढ्यावरच त्याचं चाललं.

"रविवारी मी तुमच्यापासून जे हिरावलं, ते सांगण्याची रीत वाईट होती. दीड महिन्यापूर्वी उत्तर दिलं असतं तर ती वेळच आली नसती. पेटीत क्लेम नव्हता. तुमच्या मनगटाशी जो ठोका चुकतो, तो मात्र खरा आहे. गुरुवारी सकाळी सात वाजता माझी गाडी तुमच्या फाटकाशी असेल."

पाकीट माझ्या फाटकावरच्या टपालपेटीत ठेवलं आणि टपाल न्यायचं आहे म्हणून तिचा लाल झेंडा वर केला. दहाच्या सुमाराला टपालाची गाडी आली. चालवणाऱ्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला, मग रस्त्याकडे पाहिलं.

"हे तर इथून तिसरंच फाटक आहे, सर. चालत नेऊन दिलं असतंत तरी चाललं असतं."

"चालत नेलं की मी परत फिरतो," मी म्हणालो.

त्यांनी पाकीट गाडीत टाकलं आणि झेंडा खाली केला.